फक्त सवाल

वडिलांच्या कलापथकात एक नियम होता. सवाल खाली पडू द्यायचा नाही. पुढे उभा असलेला गायक ओळीतून विचारायचा आणि मागे उभे असलेले आम्ही झीलकरी त्याचा सूर संपायच्या आत उत्तर उचलायचो. मध्ये श्वासाएवढी फट राहिली, तर गाणं संपल्यावर दादा सगळ्यांसमोर विचारायचे, "कुणाच्या तोंडात पेढा होता रं?" दादा म्हणजे माझे वडील. तो पेढा बऱ्याचदा माझ्याच तोंडात असायचा, कारण झिलेत सर्वांत लहान मी होतो. पुढे सवय लागली. आता पन्नाशी जवळ आली तरी कुणी ते गाणं सुरू केलं की उत्तर माझ्या घशात आधीच येऊन बसतं.

गाणं दादांनी लिहिलं तेव्हा माझा जन्म झालेला नव्हता. ते सायखेड्याकडून शहरात आलेले, गिरणीत हमाली करणारे तरुण होते आणि मोर्चांचे दिवस होते. ते गाणं एका मोर्चात हजारोंनी म्हटलं, असं आमच्या कॉलनीत सांगतात. दादाही तसंच सांगतात. मी तिथं नव्हतो, म्हणून आकडा सांगणार नाही. ज्या मैदानाचं नाव घेतात ते मी पाहिलं आहे, आणि त्यात एवढी माणसं मावणं अवघड आहे. पण कॉलनीतल्या प्रत्येक माणसाला ते गाणं पाठ आहे, हे मी स्वतः पाहिलेलं आहे. दरवर्षी जयंतीला ते होतंच. विहारासमोर सगळे उभे राहतात, मुठी वर जातात आणि ढोलकी अशी वाजते की समोरच्या खिडक्यांच्या काचा हलतात.

गाणं फार मोठं नाही. चार सवाल, चार उत्तरं, आणि तेच फिरून फिरून.

कोण निघालं घरातनं?
आम्ही निघालो, आम्ही!
भाकर बांधून घेतली का?
भूक बांधून घेतली!
ऊन लागंल, सावली कुठं?
सावली आणाया चाललो!
कधी येणार माघारी?
दार उघडं ठेवा!

शेवटचं उत्तर सगळ्यांत जोरात. त्यावर ढोलकी थांबायची आणि घोषणा सुरू व्हायच्या.

माझी बायको घोटीच्या पुढच्या एका गावातली. तिच्या माहेरी भाताची शेती होती. लग्न होऊन ती नाशिकरोडच्या आमच्या घरात आली, तेव्हा कलापथक जवळजवळ थकलेलं होतं, पण दर रविवारी म्हातारी मंडळी आमच्या बाहेरच्या खोलीत जमून तालीम करायची. तालीम म्हणजे निम्मा चहा. चहा ती करायची. ती गाणं शिकली ते स्वयंपाकघरातून, भिंतीआडून. मग काम करताना ती ते म्हणू लागली, पण निराळंच. एक तर फार हळू. दादांच्या गाण्यात एक ओळ जेवढ्या वेळात होते, तेवढ्यात हिचा एक शब्द व्हायचा. आणि दुसरं म्हणजे ती फक्त सवाल म्हणायची. "भाकर बांधून घेतली का" म्हणायची आणि थांबायची. पोळी उलटायची. मग पुढचा सवाल. उत्तरं तिनं कधीच म्हटली नाहीत. मला वाटायचं, ढोलकीच्या आवाजात तिला उत्तरं नीट ऐकू आली नसतील. मी कधी विचारलं नाही, आणि तिनंही कधी सांगितलं नाही.

ती गेल्या वर्षी थंडी सुरू होताना गेली. सकाळी डोकं दुखतंय म्हणाली, दुपारी आडवी झाली, आणि संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्तस्राव झालाय. दुसऱ्या दिवशी सगळं संपलं. मी हे पुष्कळ लोकांना इतक्याच शब्दांत सांगितलं आहे.

मी अंबडच्या एका कारखान्यात माल तपासतो. तिथं माझ्या हातात एक गेज असतो. तो भोकात गेला तर माल पास, नाही गेला तर बाजूला. भोक किती घट्ट होतं, किती सैल होतं, हे तो गेज सांगत नाही. त्याचं ते कामच नाही. बायको गेल्यानंतरचं वर्ष माझं तसं गेलं. सकाळी उठलो, पाणी भरलं, डबा घेतला, कामाला गेलो, आलो. पास. नातेवाईक विचारायचे, "रडलास का? रडून घे." मी प्रयत्न केला होता. ते आलं नाही. ओट्याच्या वरची तिची मसाल्याची बरणी मी जशीच्या तशी ठेवली, तीही मुद्दाम नाही. तिकडे हात गेला नाही इतकंच.

पहिल्या स्मृतिदिनाच्या आधी आठवडाभर जेवताना मुलगी म्हणाली, "पप्पा, मला त्या दिवशी गायचंय. आबांचं गाणं. पण आई म्हणायची तसं."

मुलगी आमची एकुलती एक. पिंपळगावला द्राक्षांच्या एका पॅकहाउसमध्ये नोकरी करते. सकाळच्या बसनं जाते आणि हंगामात कधी येईल याचा नेम नसतो. दादांना ती आबा म्हणते.

दादा वरण-भात कालवत होते. त्यांनी वर पाहिलं नाही. "कुठलं गाणं?"

"तुमचं एकच तर आहे आबा."

"आईला म्हणावं, एकच पण उभं राहिलेलं हाय." ते बोलून गेले, आणि मग घरात आई नाही हे सगळ्यांच्याच लक्षात आलं. त्यांनी पाण्याचा तांब्या ओढला. "ते गाणं मयताचं नाय. ते उभ्यानं म्हणायचं असतं."

"आई उभ्यानंच म्हणायची. ओट्यापाशी."

दादांना हसू आलं, पण ते त्यांनी घशातच अडवलं. "तसं नाय गं. मोर्चाला म्हणायचं गाणं हाय ते. तू ते हळू म्हणशील, लोकं डोळे पुसतील, नि पुढच्या जयंतीला पोरं म्हणतील, हे तर रडायचं गाणं. संपलं मग. एकदा गाणं रडायला बसलं की परत उठत नाय."

"आणि आईचं?"

"आईचं काय?"

"आईचं म्हणणं तर संपलंच ना? ते कुठंच नाही आबा. मोबाइलमध्ये पण नाही."

हे खरं होतं. तिचे फोटो आहेत, तिचा आवाजही आहे, पण त्यात ती "बंद कर ते" एवढंच म्हणते. फोन समोर धरला की ती गाणं थांबवायची. मुलगी पुढं म्हणाली, "मला आत्ताच नक्की आठवत नाही, दुसऱ्या सवालानंतर आई किती थांबायची ते. उन्हाळ्यात आठवत होतं. पुढच्या दिवाळीत तेवढंही राहणार नाही." मग माझ्याकडे वळून, "पप्पा, तुम्ही सांगा. किती थांबायची?"

मी आठवून पाहिलं. मी एवढी वर्षं त्याच घरात, त्याच भिंतीआड होतो. मला सांगता आलं नाही.

दादा उठले. हात धुताना ते म्हणाले, "तुला म्हणायचं ते म्हण. माझं गाणं म्हणून सांगू नको. नि मी तिथं बसणार नाय."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ढोलकीवाले काका आले. कलापथकातले दादांच्या बरोबरीचे आता एवढेच उरलेत. त्यांना बातमी लागली होती. चपला काढायच्या आधीच म्हणाले, "काय गं, अंगाई म्हणणार म्हणे आमच्या गाण्याची?"

"काका, तुम्ही ढोलकी वाजवणार का त्यावर?"

"अंगाईवर ढोलकी? पोर उठंल ना."

"म्हणजे नाही."

"नाय म्हणलो का मी? तुझा आज्या नाय म्हणतोय. मी म्हातारा माणूस, जिकडं चहा तिकडं मी." मग तिनं त्यांना एक सवाल म्हणून दाखवला. काकांनी सवयीनं मांडीवर थाप मारली आणि ती चुकीच्या जागी पडली. दुसरी मारली, तीही चुकली. "ह्यात ठेकाच नाय," ते म्हणाले.

"आहे. पोळी उलटायचा."

काकांनी हात मांडीवरून काढून घेतला. मग म्हणाले, "तुझ्या आईचा चहा चांगला असायचा." एवढं बोलून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चहा चांगला असायचा हे बरोबर होतं.

स्मृतिदिनाला विहारासमोर छोटा मांडव घातला होता. प्लॅस्टिकच्या खुर्च्या मी स्वतः मोजून आणल्या होत्या. थोड्या उरल्या आणि मला बरं वाटलं. त्रिशरण-पंचशील झालं, वंदना झाली, तिच्या फोटोपुढं फुलं वाहिली गेली. महिला मंडळाच्या अध्यक्षा बोलल्या. माझी बायको सगळ्यांची होती असं त्या म्हणाल्या. तेही खरं असेल. दादा घरी थांबतो म्हणाले होते, पण वंदना चालू असताना ते मागच्या रांगेत कडेच्या खुर्चीवर येऊन बसलेले दिसले. काठी दोन्ही पायांच्या मध्ये, हनुवटी तिच्यावर.

मग मुलगी उभी राहिली. माइक तिनं थोडा खाली केला. काही सांगितलं नाही, कुणाचं गाणं, काय गाणं. तिनं पहिला सवाल घेतला.

"कोण निघालं घरातनं?"

हळू. एकेक शब्द जमिनीवर ठेवत. पण कॉलनीला ते गाणं शब्दाबरहुकूम पाठ आहे, आणि सवाल खाली पडू द्यायचा नाही हा नियम तिच्या हाडात आहे. मुलीचा शेवटचा सूर संपायच्या आत मांडवभर माणसांनी उत्तर उचललं. "आम्ही निघालो, आम्ही!" मुठी वर गेल्या. काकांचा हात आपोआप खुर्चीच्या पाठीवर धडाधड पडला. फोटोसमोरच्या मेणबत्तीची ज्योत हलली. पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या बायकासुद्धा ओरडल्या. मीही ओरडलो. ते माझ्या तोंडातून निघून गेल्यावर मला कळलं.

मग सगळे गप्प झाले. वर गेलेल्या मुठी खाली कशा आणायच्या हे कुणालाच कळेना. कुणी डोकं खाजवलं, कुणी केस सावरले. मागून एक जण हलक्या आवाजात "अरे देवा" म्हणाला आणि विहारासमोर आपण काय म्हणालो हे लक्षात येऊन आणखी ओशाळला.

मला वाटलं, ती बसेल. मी उठून माइक घ्यायला निघालो होतो. आता जेवायला चला म्हणून सांगायचं, एवढंच डोक्यात होतं. पण ती उभीच होती. "थांबा जरा," ती म्हणाली. "उत्तर देऊ नका. मला फक्त विचारायचंय."

मी परत बसलो.

"भाकर बांधून घेतली का?"

या वेळी कुणी उत्तर दिलं नाही. सवाल खाली पडला. मी आयुष्यात पहिल्यांदा तो पडताना ऐकला. कुठल्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली. मुलगी थांबली होती. पोळी उलटायला लागतो तेवढा वेळ, कदाचित थोडा जास्त.

"ऊन लागंल, सावली कुठं?"

शेजारी एक बाई पदर तोंडावर धरून बसली होती. माझं लक्ष गाण्याच्या त्या ओळीकडे होतं, तिच्या शब्दांकडे. लहानपणापासून किती वेळा म्हटल्या असतील मी त्या ओळी, त्याचा हिशेब होणार नाही. पण मी नेहमी उत्तरंच म्हटली होती. सवाल म्हणजे फक्त उत्तरासाठी मिळालेली जागा. सवालात काय विचारलंय हे मी ऐकलंच नव्हतं. भाकरी, ऊन, माघारी कधी. हे मोर्चातला माणूस मोर्चातल्या माणसाला विचारत नाही. हे दारात उभं राहून विचारतात. मागं राहणारं माणूस विचारतं.

"कधी येणार माघारी?"

हे उत्तर सगळ्यांत जोरात द्यायचं असतं. माझ्या घशात ते तयार होतं. मी मागं पाहिलं. दादांची हनुवटी काठीवरून उचलली गेली होती आणि त्यांचं तोंड उघडं होतं. आवाज येत नव्हता. त्यांनी तोंड मिटलं. मुलगी फोटोकडे बघत होती. मग तिनं माइकची मान होती तशी केली आणि ती येऊन माझ्या शेजारी बसली. तिचे हात गार पडले होते. मला रडू आलं नाही. हे मी खरं तेच सांगतो. पण मी तिचा हात धरला होता, आणि तो कधी धरला हे मला आठवत नाही.

जेवणं झाली. खुर्च्या परत गेल्या. जाताना लोक मुलीला काही तरी सांगत होते. "आईची आठवण करून दिलीस." "आधी चुकलो बाई आम्ही." एका तरुण पोरानं विचारलं, "ताई, जयंतीला असंच करायचं का?" तिच्या आधी काकांनीच उत्तर दिलं, "जयंतीला ढोलकी फोडायची. ठरलंय ते."

संध्याकाळी आम्ही तिघं बाहेरच्या खोलीत बसलो होतो. मुलगी मोबाइलवर काही बघत होती. दादांनी चष्मा काढून पुसला, परत लावला, परत काढला.

"सवाल माझे नाय," ते म्हणाले.

मुलीनं मान वर केली.

"तुझी आजी विचारायची. मी मोर्चाला निघालो की दारात उभी राहून. रोजचंच. भाकर घेतली का, ऊन लागंल, टोपी घाल, कधी येणार. एकदा चिडून मी हेच घेतलं नि गाणं जुळवलं. उत्तरं माझी."

माझी आई मी शाळेत असतानाच गेली. हे तिनं विचारलेलं होतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

"आबा, मग भूक बांधून घेतली असं सांगायचात आजीला?" मुलगी म्हणाली.

"येडी का काय? भाकर तर बांधलेलीच असायची. तिनंच बांधलेली. चटणी, कांदा, सगळं." त्यांनी हवेतच फडक्याची गाठ मारून दाखवली. "पण मोर्चात भाकरीचं काय सांगणार? भूक बरी बसली."

"आणि कधी येणार विचारल्यावर? खरं काय सांगायचात?"

"येतो म्हणायचो."

"कधी?"

"वेळ सांगायचो नाय कधी." दादांनी चष्मा लावला. "ती तशीच थांबायची. मी मागं वळून बघायचो नाय, नायतर सांगितलं असतं तुला, किती वेळ थांबायची."

बाहेर कुणाची तरी मोटारसायकल सुरू होत नव्हती. तिच्या किका ऐकू येत होत्या. दादांनी काठीचं टोक दोनदा फरशीवर टेकवलं. पूर्वी तालमीत हे गप्प बसा म्हणून असायचं.

"तिसरा सवाल घाईत घेतलास तू."

"कुठला? सावलीचा?"

"ऊन लागंल. तिथं धावलीस. लोकं रडायला लागली नि तू भ्यालीस. हळू म्हणायचं तर नीट हळू म्हण. बेगडी हळू नको. घे परत."

"आत्ता?"

"मग काय जयंतीला? जयंतीला ढोलकी फोडणार हाय आम्ही."

तिनं मोबाइल खाली ठेवला. "रेकॉर्ड करू का पप्पा?" तिनं मला विचारलं. मी मान डोलावली. तिनं माझ्या हातात फोन दिला आणि कुठं दाबायचं ते दाखवलं. मला ते येतं, पण मी दाखवू दिलं.

तिनं पहिल्यापासून घेतलं. कोण निघालं घरातनं. दादांचा हात मांडीवर ठेका धरायला उठला आणि तसाच हवेत राहिला. मग तो हळूच खाली आला. दुसऱ्या सवालाला ती थांबली. फोनच्या पडद्यावर सेकंद पुढं सरकत होते. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

तिनं गाणं तोडलं आणि माझ्याकडे वळली.

"पप्पा, आई इथं एवढीच थांबायची ना?"

"नक्की सांगता येणार नाही," मी म्हणालो. "पण थांब तेवढी."